त्रेसष्ट पाय

तिसऱ्या आठवड्यात मशीन बाराव्यांदा बंद पडलं तेव्हा वहिनीने त्याला शिवी दिली. तशी ती शिव्या देणारी बाई नव्हे. पण माणसाच्या सहनशक्तीला काही अंत असतो की नाही? कटर फोमच्या ठोकळ्यात अर्धा घुसून थांबलेला, साच्याची टाच कोरून झालेली आणि पुढे बोटांच्या जागी नुसता चौकोनी ठोकळा. असा साचा कुणाच्या पायाला लावायचा, हत्तीच्या?

तिला सगळे वहिनीच म्हणत. धाकटा दीर म्हणायचा म्हणून दुकानात बुटांची वरची शिवण घालणारी मावशी म्हणू लागली, मग गिऱ्हाइकं, आणि आता तर कुरियरवालाही दारातून "वहिनी, सही!" असं ओरडतो. दुकान बुटांचं, पण शोरूममध्ये ओळीने मांडलेल्या बुटांचं नव्हे. ज्याचा एक पाय आखूड आहे, ज्याची टाच आत वळते, ज्याची दोन बोटं साखरेच्या आजारात गेली, अशांचे बूट इथे होतात. प्रत्येकाच्या पायाचा साचा वेगळा आणि त्या साच्यावर चढवलेलं कातडं वेगळं. असे चारशे बारा पाय कॉम्प्युटरमध्ये नोंदवलेले होते. चारशे बारा माणसं नव्हेत, पाय. काहींचा एकच पाय बिघडलेला, दुसरा ठणठणीत.

हे साचे पूर्वी आबा, म्हणजे वहिनीचे सासरे, लाकडातून हाताने कोरायचे. अठरा वर्षांपूर्वी कोरण्याचं मशीन आलं तेव्हा आबांनी चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं होतं, "फोममधून पाय कोरणार? त्यापेक्षा साबणातून कोरा, निदान धुवायला तरी उपयोगी पडेल. मी मेलो तरी या डबड्याला हात लावणार नाही." आबा एकदा बोलले की बोलले. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, त्यातली जात. मशीन वहिनीने शिकून घेतलं. तिचा नवरा शाळेत गणित शिकवतो आणि घरी दूध आणायला विसरतो, त्याच्याकडून काही अपेक्षा नव्हतीच. दीर माल पोचवणं, गिऱ्हाइकं, फोन हे सांभाळायचा. आणि आबा मागच्या खोलीत आपल्या बाकापाशी कानस घेऊन बसायचे, कुणी काही दिलं तर घासायचे, नाही दिलं तर नुसतेच बसायचे. पन्नास वर्षं घासण्याच्या यंत्रापाशी काढल्याने त्यांना आता ऐकूही कमी येत होतं.

आता मशीन का बंद पडत होतं ते सांगायचं तर आधी त्याचं पोट उघडून दाखवायला हवं. मशीन बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेली. त्याचा प्रोग्राम चालायचा तो फक्त एका जुन्यापुराण्या सिस्टीमवर. सहा वर्षांपूर्वी तो जुना कॉम्प्युटर जळला तेव्हा कॉम्प्युटरवाल्याने एक युक्ती केली. नवा कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा बसवला. खरा नव्हे, नुसता भास. पण त्या प्रोग्रामला वाटायचं की आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. वहिनीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माहेरची खोली सासरी बांधून दिली."

सहा वर्षं ती खोली बिनतक्रार चालली, आणि आता रोज कोसळत होती.

यात एकट्या वहिनीचाच जीव टांगणीला लागला होता असं नाही, पण सगळ्यात जास्त तिचाच. कारण दिराने मुदत घातली होती. दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या कंपनीची माणसं येऊन गेली होती. ते लोक मोबाइलवर पायाचे फोटो मागवतात आणि कुठल्या कुठे बूट तयार करून पाठवतात. त्यांना दुकानाची गिऱ्हाइकं हवी होती. दीर म्हणाला, "वहिनी, मला हौस नाही. पण अकरा माणसं बुटांसाठी थांबलीत, त्यातला एक तर काठी घेऊन रोज फेरी मारतो. शुक्रवारपर्यंत मशीन नीट चाललं तर चाललं. नाहीतर मी त्यांना हो म्हणणार."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही... बघू की."

त्या 'बघू की'ने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षं जे काम आपलं म्हणून केलं, त्याचं पुढे काय, तर बघू की!

कॉम्प्युटरवाला दुसऱ्या शहरात राहायला गेला होता. फोनवर तो जे जे सांगेल ते ते वहिनीने केलं. मेमरी वाढवली. धूळ झाडली. मशीनपासून येणारी केबल बदलली. बॅटरी बदलली. व्हायरस शोधायचा प्रोग्राम बंद करून पाहिला. व्हर्च्युअल मशीनचा प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. दर वेळी सकाळी सगळं गोगलगायीसारखं शांत चालायचं, आणि ती जेवून खाली आली की कटर थांबलेला आणि पडद्यावर काळी खिडकी.

शेवटी कॉम्प्युटरवाला म्हणाला, "वहिनी, लॉग बघा. प्रत्येक कोसळण्याची वेळ तिथे लिहिलेली असते."

तिने वही घेतली आणि वेळा उतरवून काढल्या. एक बावीस. एक एकोणीस. एक सव्वीस. एक वीस. रोज दुपारी एक ते दीडच्या मध्ये. फक्त गुरुवारी काहीच नाही.

"दुपारी एकला काय होतं तुमच्याकडे?"

"मी वर जेवायला जाते."

"आणि मशीन?"

"चालू ठेवून जाते. पूर्वी बंद करून जायचे. पण कामं तुंबली म्हणून या महिन्यापासून जेवायच्या आधी एक साचा लावून जाते. तेवढाच एक तास वाचतो."

मग मंगळवारी ती जेवायला गेलीच नाही. मशीनसमोर स्टूल टाकून बसली. एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले. आबा एकदा दारात आले, तिला बघून "जेवली नाहीस?" म्हणाले, तिने मान हलवली, ते परत गेले. मशीन शहाण्या मुलासारखं चालत राहिलं आणि एक सुंदर साचा कोरून थांबलं. डॉक्टरपुढे गेलं की दुखणं पळतं, ते असं.

वहिनीच्या डोक्यात तेव्हा किडा शिरला. आपण असताना होत नाही आणि नसताना होतं, म्हणजे कुणीतरी करतंय. मावशी दुपारी घरी जाते. दिराचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तो कधी जेवायला जातो, कधी येतो, याचा पत्ता नसतो. आणि गुरुवारी? गुरुवारी तो गाडी घेऊन बाहेरगावी माल पोचवायला जातो. आबांनाही सोबत नेतो, तेवढीच म्हाताऱ्या माणसाची हवापालट. गुरुवारी मशीन बंद पडत नाही! हातच्या काकणाला आरसा कशाला हवा?

आबांचं नाव तिच्या मनात आलंसुद्धा नाही. जो माणूस मशीनला साबणाच्या लायकीचं समजतो, त्याचं नाव कशाला येईल?

तिने कॉम्प्युटरवर काय काय बसवलेलं आहे त्याची यादी उघडली आणि वरून खाली वाचत गेली. मधेच एका नावावर बोट थांबलं. तिने फोन लावून नाव वाचून दाखवलं.

"अरे देवा!" कॉम्प्युटरवाला ओरडला. "हा तर तसलाच दुसरा प्रोग्राम आहे. हा कुणी टाकला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची खोली एका गवंड्याने बांधली, आणि त्याच घरात दुसऱ्या गवंड्याने दुसरी खोली बांधली. अहो, प्रोसेसरमध्ये या कामासाठी एक खास सोय असते. ती एका वेळी एकानेच धरायची. दोघं वेगवेगळ्या वेळी आले तर काही बिघडत नाही. पण तुमचं मशीन चालू असताना हा दुसरा सुरू झाला की झटापट, आणि तुमचं कोसळलंच. एका म्यानात दोन तलवारी राहतात का कधी?"

"कधी टाकलाय ते कळेल?"

"तारीख असेल बघा."

आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती.

"उडवून टाका," तो म्हणाला. "पण आधी आत काय आहे ते बघून घ्या हं."

तिने बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. दुसरा प्रोग्राम उघडला, त्यातली खोली चालू केली, आणि आत तिचाच साच्यांचा प्रोग्राम निघाला. तीच गिऱ्हाइकांची यादी. चारशे बारा पाय, सगळेच्या सगळे, त्याच क्रमाने.

वहिनी खुर्चीत मागे टेकली. कानशिलं तापली. म्हणजे हे असं आहे तर. शुक्रवारपर्यंतची मुदत वगैरे सगळं नाटक. पाय आधीच उचलून ठेवलेत, कंपनीच्या हातात द्यायला. एकेका पायासाठी ती गुडघ्यावर बसली होती. लोकांच्या घामट, सुजलेल्या, लाजऱ्या पायांना हातात धरून माप घेतलं होतं. बायका मोजे काढताना रडल्या होत्या तिच्यासमोर. आणि हा घरचाच माणूस ते सगळं खोक्यात भरून परक्याला देणार?

रागात माणूस एकतर भांडी आपटतो, नाहीतर फार शिस्तीने काम करतो. वहिनी दुसऱ्या प्रकारची. तिने ती दुसरी खोली काढून टाकली. 'सोबतच्या सगळ्या फायलीही पुसायच्या का?' असं पडद्याने विचारलं, तिने हो म्हटलं. मग तो प्रोग्राम काढला. कचऱ्याची पेटी रिकामी केली. आणि रिकाम्या झालेल्या जागेत आपल्या खोलीची पूर्ण प्रत करून ठेवली, म्हणजे पुन्हा कुणी काही चाळे केले तर हाताशी असावी. प्रत व्हायला दोन तास लागले. ती डोळ्यांत तेल घालून बसली.

कुणाला काही बोलली नाही. शुक्रवारी तोंडावर बोलायचं ठरवलं.

बुधवारी ती जेवायला वर गेली आणि खाली आली तेव्हा साचा पूर्ण कोरून तयार होता. गुरुवारी तयार. शुक्रवारी सकाळपासून तीन झाले. काठीवाल्याचा उजवा पाय त्यातलाच. वहिनीला खरं तर नाचावंसं वाटत होतं. तीन आठवड्यांचं दुखणं तिने स्वतः शोधलं होतं, स्वतः बरं केलं होतं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "वहिनी, आता मीच तुम्हाला विचारून कामं करीन." दुधात साखर म्हणजे दिराला दोन शब्द सुनावायची सोयही झाली होती.

तेवढं एक मात्र होतं, आबांचं जेवण कमी झालं होतं. बुधवारी ताटात निम्मं तसंच राहिलं. गुरुवारी गाडीतून परत आले ते थेट झोपायला गेले. वय झालं, असं तिचा नवरा म्हणाला. तिलाही तसंच वाटलं.

शुक्रवारी दुपारी बाराला दीर आला. दार लोटून घेतलं आणि उभाच राहिला.

"बसा भाऊजी," वहिनी म्हणाली. तिचा आवाज फार गोड होता. ओळखणाऱ्याने दार उघडून पळून जावं असा गोड. "मशीन चार दिवस चाललंय. एकदाही बंद पडलेलं नाही."

"हो, मावशी सांगत होती. बरं झालं." पण त्याचं लक्ष नव्हतं. "वहिनी, मला दुसरंच बोलायचंय."

"मलाही. तुमचा तो प्रोग्राम मी काढून टाकला. आत जे काही भरून ठेवलं होतंत, तेही. मुळापासून."

दिराचा चेहरा पांढरा पडला. वहिनीला क्षणभर बरं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण दीर चिडला नाही, सबबी सांगितल्या नाहीत. त्याने स्टूल ओढलं आणि त्यावर मटकन बसला.

"तुम्ही काढलात?"

"मी."

"मंगळवारी?"

"मंगळवारी. का?"

"वहिनी, तो आबांचा होता हो."

वहिनीला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "कुठला आबांचा?"

मग दिराने सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी आबांनी त्याला गाडीत विचारलं होतं की मशीनमधल्या पायांची एक नक्कल मिळेल का, सूनबाईने नोंदवलेल्या मूळ पायांना धक्का न लागता. त्याला आधीच्या नोकरीत शिकलेला तो दुसरा प्रोग्रामच येत होता, म्हणून तोच टाकून दिला. दोन प्रोग्राम एकमेकांशी भांडतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. कसा उघडायचा, चित्रातला बिंदू कसा धरायचा, कसा सरकवायचा, एवढं कागदावर लिहून दिलं. आबा रोज दुपारी, वहिनी वर गेली की, तासभर बसायचे. कुणाला सांगायचं नाही म्हणून गळ्याची शपथ घातली होती. "चार लोकांत बोललो होतो ना त्या मशीनला. आता कुठल्या तोंडाने शिकायला बसू?" असं म्हणाले होते.

"पण मशीन चालू असायचं, त्यांना आवाज..." वहिनी बोलता बोलता थांबली. मशीनचा आवाज बंद पडला तरी आबांना कळणार नव्हतं. त्यांना तो चालू असतानाही ऐकू येत नव्हता. आणि ती मशीन चालू ठेवून जेवायला जायला लागली होती तीन आठवड्यांपूर्वी. त्याआधी सात महिने दोघं एकाच खुर्चीत बसत होते आणि एकमेकांना कळलं नव्हतं.

"पण कशासाठी?" तिने विचारलं. "काय करत होते ते?"

"दुरुस्त करत होते. तुमचं माप पाय टेकलेला असताना घेतलेलं असतं. आबा म्हणतात, माणूस चालतो कसा ते त्यात येत नाही. हा पाऊल टाकताना अंगठा चोरतो, ती जिना उतरताना टाच बाहेर टाकते. ते सगळं पन्नास वर्षं बघून त्यांच्या डोक्यात आहे. ते एकेका पायात घालत होते. त्रेसष्ट पाय झाले होते." दिराने तोंडावरून हात फिरवला. "घाई करत होते, वहिनी. हल्ली विसरायला होतं ना त्यांना. डोक्यातून जायच्या आत उतरवून ठेवतो, म्हणायचे."

वहिनीने पडद्याकडे पाहिलं.

"आणि बुधवारी ते खाली आले तर काहीच नाही. चित्र नाही, प्रोग्राम नाही. काल गाडीत मला म्हणाले, माझ्याच हातून पुसलं गेलं बहुतेक. मला आठवत नाही, पण मीच केलं असणार, असंच होतं हल्ली माझं. रडले, वहिनी. मी आबांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही."

साप साप म्हणून भुई धोपटण्याला माणसं हसतात. पण त्या भुईखाली कुणीतरी बी पेरलेलं असतं तेव्हा काय म्हणायचं? वहिनीने फोन उचलला. कॉम्प्युटरवाल्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पुसल्यावर त्या डिस्कवर काही लिहिलंत?"

"पूर्ण प्रत केली. दोन तास लागले."

तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार नीट काम करता. जरा गबाळं केलं असतंत तर काहीतरी मिळालं असतं."

तिने फोन ठेवला. दीर म्हणाला, "मी सांगू का त्यांना? काही तरी सांगतो, कॉम्प्युटरच बिघडला म्हणतो."

"नको," वहिनी म्हणाली. "त्यांना वाटतंय डोकं गेलं. ते त्यांच्या डोक्यातून आधी काढायला हवं."

आबा मागच्या खोलीत बाकापाशी बसले होते. समोर कानस होती, घासायला काही नव्हतं. वहिनी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेली. असल्या गोष्टी हळू आवाजात सांगाव्यात असं वाटतं, पण आबांना हळू ऐकू येत नाही. त्यामुळे तिला ते ओरडून सांगावं लागलं, आणि पुढच्या खोलीत मावशीचं शिवणयंत्र थांबलं.

"आबा! ते पाय मी पुसले!"

"काय?"

"तुमचे त्रेसष्ट पाय! मी पुसले! मंगळवारी! मला वाटलं भाऊजींनी चोरले!"

आबा तिच्याकडे बघत राहिले. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. पडद्याने विचारलं होतं, सगळं पुसायचं का, आणि ती हो म्हणाली होती.

"तू पुसलेस?"

"मी."

"म्हणजे मी नाही?"

"नाही आबा. तुम्ही काही केलेलं नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के! वेळ लिहिलेली आहे लॉगमध्ये! दाखवू का?"

आबांनी डोळे मिटले आणि जोरात श्वास सोडला. मग हसायलाच लागले. तोंडात तीनच दात, खांदे गदागदा हलत होते. "अगं मग बरं झालं! दोन रात्री मी झोपलो नाही. मला वाटलं, संपलं आता. आज पाय पुसले, उद्या गॅस चालू ठेवीन, परवा घर चुकेन. तूच पुसलेस ना? मग काही हरकत नाही."

"काही हरकत नाही कशी? आठ महिन्यांचं काम गेलं तुमचं!"

"ओरडू नकोस, ऐकू येतंय." आणि मग एकदम आवाज चढवून, "आणि मला न विचारता पुसायचं कशाला? मुलखाची आगाऊ!"

"आणि मला न सांगता बसायचं कशाला? अठरा वर्षं मशीनला नावं ठेवायची आणि दुपारी चोरून त्याच्यावरच बसायचं!"

"मग काय तुला विचारू? मला शिकव म्हणून?"

"हो! विचारायचं!"

दीर दारात येऊन उभा होता. सासरा-सुनेचं इतकं मोठ्याने भांडण त्या घरात कधी झालं नव्हतं. त्याला मध्ये पडावं की नाही ते कळेना. मावशीने त्याला मागून हाताने खूण केली, राहू द्या.

त्या दुपारी वहिनीने मशीन बंद ठेवलं. आबांना खुर्चीत बसवलं, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आणि आपण शेजारी स्टूल घेतलं. यादीतला पहिला पाय उघडला. एक निवृत्त ड्रायव्हर, डावा पाय.

आबा पडद्याकडे बघत बसले. बराच वेळ.

"याचं मी काय केलं होतं?" ते म्हणाले.

"मला काय माहीत, आबा?"

"काहीतरी केलं होतं. बाहेरची कड..." त्यांनी माऊस हातात घेतला आणि सोडून दिला. "आठवत नाही."

दुसरा पाय आठवला. तिसरा आठवला, तो तर आकड्यांसकट. चौथा नाही. विसाव्यापर्यंत गेल्यावर वहिनीला अंदाज आला की निम्मे काही येणार नाहीत. आबांनाही आला असणार, पण दोघांपैकी कुणी तसं म्हटलं नाही. आबा फक्त म्हणाले, "नुसतं चित्र बघून नाही होत. माणूस चालताना दिसला की हात आपोआप सांगतो."

मग वहिनीने फोन करायला घेतले. ज्यांचे पाय आठवत नव्हते त्यांना एकेकाला. "या दुकानात. माप नाही, पैसे नाहीत, काही नाही. नुसतं इकडून तिकडे चालून दाखवायचं. आबांना बघायचंय." माणसं आधी हसली, मग आली. ड्रायव्हर आला. काठीवाला आला आणि काठीशिवाय चार पावलं टाकून दाखवून गेला. दिराने पुढच्या खोलीतलं कपाट सरकवून भिंतीपासून भिंतीपर्यंत वाट मोकळी केली, आणि त्यानंतर कंपनीला फोन करून नाही म्हणाला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, मावशीने ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं.

सगळे आले नाहीत. काही दुसऱ्या गावी गेले होते, दोघं वारले होते. महिनाभरात त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस पाय परत आले. बाकीचे गेले ते गेलेच, आणि वहिनी कधीकधी भांडी घासताना मध्येच थांबते ती त्यासाठी.

एका दुपारी यादी संपली असं समजून ती कॉम्प्युटर बंद करायला उठली तर आबा म्हणाले, "एक राहिलाय."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा? माझ्या पायाला काय झालंय?"

"त्रेसष्टातला होता तो. तुझं माप त्यात आहे ना, मशीन आलं तेव्हा तपासायला घेतलेलं. ते मी नीट केलं होतं. मग बूट करून देणार होतो."

"अहो, माझे पाय चांगले आहेत."

"चांगले असते तर संध्याकाळी जिन्यात कठड्याला धरून चढली नसतीस. चाल."

"आबा, कामं पडलीत."

"चाल म्हटलं ना."

वहिनीने चपला काढल्या. भिंतीपासून निघाली आणि दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली. इतक्या माणसांना चालायला लावलं होतं, पण स्वतः चालताना हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. वळून तिने आबांकडे पाहिलं. ते डोळे बारीक करून तिच्या पावलांकडे बघत होते, आणि कपाळावर आठ्या होत्या.

"आठवत नाही," ते म्हणाले. "पुन्हा."

ती पुन्हा चालली.

"पुन्हा."

चौथ्या फेरीला मावशीनेही शिवण थांबवली. वहिनीने खाली न बघता फेरी पुरी केली, आणि न सांगता पाचव्यांदा निघाली. मध्यावर आली तेव्हा आबांचा उजवा हात हवेतच हलला, बाकावर साचा घासताना हलायचा तसा.

"उजवी टाच," ते म्हणाले. "आतून दोन मिलिमीटर. तुझा धाकटा मुलगा झाला तेव्हापासून तू डाव्या पायावर भार टाकत नाहीस. बस, लिही."

वहिनी तशीच अनवाणी खुर्चीत बसली. तिने आकडा टाकला, सेव्ह केला, मग दुसऱ्या डिस्कवर एकदा सेव्ह केला, आणि आबांनी विचारलं तेव्हा त्यांच्या चांगल्या कानात ओरडून सांगितलं, "झालं, आबा! दोन ठिकाणी!"